परसातील फुलझाडे आणि त्यांची उपेक्षा

श्रावण सरून भाद्रपद लागला की महाराष्ट्रातील खेड्याचे परस वर्षातील सर्वांत उत्तम रूप धारण करते. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यातच ओसरलेला असतो आणि कुंदाच्या कळीला अद्याप अवकाश असतो. परंतु मधल्या या दोन महिन्यांत तेरडा, झेंडू, गुलबक्षी, सोनटक्का, जाई, जुई, कर्दळ, निशिगंध व प्राजक्त ही सारी मंडळी एकदमच फुलावर आलेली असतात. पाश्चात्त्य देशांतील बागा याच सुमारास, म्हणजे तेथील उन्हाळा उतरणीस लागला असता, ऐन भरात येतात. महाराष्ट्रात तेच काम मृगापासून हस्तापर्यंतचा पाऊस करीत असतो. सणांची रांगही याच दिवसांत लागते. पोळ्याला बैलांच्या गळ्यात माळा हव्यात, हरतालिकेला पत्री हवी, गणपतीला हार हवा, गौरीला तेरडा हवा, घटाला रोज नवी माळ हवी आणि खंडेनवमीस नांगर-कुळवापासून विळ्या-कोयत्यापर्यंत प्रत्येक अवजाराला निदान एक तरी फूल हवे.

असे असता प्रत्यक्षात गावोगाव काय आढळते? घरापुढचे अंगण सिमेंटने किंवा ठोकळ्यांनी बांधून काढलेले, मागील परसात गाजरगवत व टाकळा कमरेइतका वाढलेला, आणि देव्हाऱ्यातील गणपतीच्या गळ्यात तालुक्याच्या बाजारातून आणलेला प्लास्टिकच्या फुलांचा हार. ज्या घरी दोन एकर कपाशी आणि चार एकर सोयाबीन आहे, त्या घरी गौरीसाठी फुले विकत आणावी लागतात, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घराला शोभणारी नाही. ती परवडणारीही नाही, कारण सणाच्या आदल्या दिवशी फुलांचा भाव काय असतो हे ज्यांनी बाजारात उभे राहून विचारले आहे त्यांस निराळे सांगावयास नको.

या उपेक्षेस दोन समजुती कारणीभूत आहेत. फुलझाडे ही नोकरदारांची व शहरवासीयांची हौस होय, ही पहिली. फुलझाडांस पाणी फार लागते, ही दुसरी. पहिल्या समजुतीचा विचार पुढे ओघाने येईलच. दुसरी तर सरळसरळ चुकीची आहे. ज्येष्ठात लावलेल्या आणि आश्विनात फुलणाऱ्या झाडास लागणारे बहुतेक पाणी आकाशातूनच मिळते. या हंगामात फुलझाडे मरतात ती पाण्यावाचून नव्हे, तर पाणी तुंबल्यामुळे. काळ्या भारी जमिनीत झेंडू किंवा शेवंती सपाट वाफ्यात लावली आणि श्रावणातील झडीचे पाणी चार दिवस मुळाशी साचले, की मूळकूज होऊन उभी झाडे माना टाकतात. याकरिता वीतभर उंचीचे गादीवाफे अथवा वरंबे करून त्यांवर लागण करावी आणि पाण्यास बाहेर पडण्यास वाट ठेवावी, एवढे केले तरी निम्मी मर टळते. पावसाने अधूनमधून ओढ दिलीच, तर धुण्याभांड्यांचे पाणी चार आळ्यांना सहज पुरते.

सिमेंटच्या अंगणाबद्दल मात्र थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. चिखल नको, धूळ नको, धान्य वाळविण्यास जागा हवी, या गरजा खऱ्या आहेत आणि सारवणाचे कष्ट कमी झाले याचा गृहिणींस आनंद वाटला तर तो योग्यच होय. परंतु भिंतीपासून कुंपणापर्यंत तसूभरही माती शिल्लक न ठेवण्याचे कारण काय? कुंपणालगत दोन हात रुंदीची पट्टी मोकळी ठेवली असता अंगणाचा उपयोग कमी होत नाही, पावसाचे पाणी जिरण्यास जागा मिळते आणि बारा-पंधरा झाडांची सोय होते. नवे घर बांधणाऱ्याने ही गोष्ट गवंड्यास आरंभीच सांगावी. मागाहून सिमेंट फोडण्यास कोणी धजत नाही.

जुन्या घरांतील जाणत्या बायकांनी कोणते झाड कोठे लावावे याचा विचार मोठ्या शहाणपणाने केलेला असे. न्हाणीचे पाणी जेथे बाहेर पडते तेथे अळू, केळ आणि कर्दळ. त्याच ओलीवर सोनटक्काही उत्तम येतो. कोकणात व गोव्यात तो घरोघर दिसे, घाटावरही सावलीच्या ओल्या जागी तो तक्रार करीत नाही. त्याचे कंद एकदा रुजले की दरवर्षी पाऊस पडताच आपोआप फुटतात. जाई-जुईचे वेल मांडवावर अथवा ओट्याच्या खांबाशी, म्हणजे संध्याकाळी कळ्या खुडणे सोपे. प्राजक्त अशा ठिकाणी की ज्याखालची जमीन स्वच्छ सारवलेली राहील, कारण त्याची फुले खुडावयाची नसून पहाटे वेचावयाची असतात. गुलबक्षीस कोणतीही जागा चालते. तिसऱ्या प्रहरानंतर ती उमलते, आणि घड्याळ नसलेल्या घरांत तिच्या उमलण्यावरून गुरे परतण्याची वेळ ओळखता येई. तिच्या बिया व मुळे विषारी आहेत, तेव्हा लहान मुलांवर लक्ष ठेवावे. कण्हेर व बिट्टी ही झाडे दिसावयास सुरेख व कणखर खरी, पण त्यांची पाने-बिया जनावरांस आणि माणसांस प्राणघातक आहेत; गोठ्याजवळ व चराऊ बांधावर ती लावूच नयेत.

शेवंतीविषयी एक सूचना बहुतेकांस नवी वाटेल. रात्री मोठ्या होऊ लागल्या म्हणजेच शेवंतीस कळी धरते. वैशाख-ज्येष्ठात लावलेली मुनवे पावसाळाभर नुसती वाढतात. त्या काळात शेंडे एकदोनदा खुडले की झाड पसरट होते आणि दिवाळीच्या सुमारास फुलांनी भरून जाते. परंतु अंगणात विजेचा दिवा रात्रभर जळत असेल तर त्याच्या उजेडात आलेल्या झाडांस रात्र लहानच भासते, आणि ती मागे पडतात. "या बाजूची शेवंती का बरे फुलत नाही?" असे विचारणाऱ्याने खताकडे पाहण्यापूर्वी वर खांबाकडे पाहावे.

तेरड्यावर म्हणींनी थोडा अन्यायच केला आहे. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे एका फुलापुरते खरे, झाडापुरते नव्हे. पेरातून पेरातून नवी फुले निघत राहतात आणि सुस्थितीतील झाड कित्येक आठवडे रंगलेले असते. हे मूळ भारतातीलच झाड. त्याला खत नको, फवारणी नको, राखण नको. तेरड्याची रोपे मुळांसकट आणून त्यांचीच गौर बसविण्याची चाल कोकणात व इतरत्रही आहे, आणि मुळे ही गौरीची पावले होत अशी समजूत आहे. ज्या झाडाला घरात देवतेचे स्थान मिळते त्याला परसात हातभर जागा मिळू नये, हे चमत्कारिक होय.

येथेच एका गंभीर प्रश्नाकडे वळावे लागते. गौरी-गणपतीसाठी लागणारी रानफुले व पत्री पूर्वी घरची माणसे आपल्या शिवारातून गरजेपुरती आणीत. आता ती शहरांच्या बाजारपेठांसाठी गाड्या भरभरून नेली जातात. तेरडा विपुल रुजतो, त्याची फारशी काळजी नाही. कळलावीची गोष्ट निराळी आहे. अग्निशिखा किंवा गौरीचे हात म्हणून ओळखला जाणारा हा वेल जमिनीतील कंदापासून दरवर्षी फुटतो, आणि पाने हिरवी असतात तेवढ्याच दिवसांत पुढील वर्षाचा कंद तयार करतो. भाद्रपदातच वेल बुडाशी कापला तर कंद पोसला जात नाही. औषधासाठी तो खणून नेला तर सारेच संपले. गोव्यात गणपतीवर बांधल्या जाणाऱ्या माटोळीसही रानातील फळाफुलांचीच शोभा असते, आणि रान जसजसे दूर सरते तसतशी ती जमविण्याची दगदग वाढते. कळलावीचा एखादा वेल आपल्या कुंपणावर चढविला तर रानातील एक वेल वाचतो. मात्र तिचा कंद अत्यंत विषारी आहे. लावणाऱ्याने हात धुवावेत, कंद मुलांच्या हाती देऊ नयेत आणि गुरांचे तोंड पोहोचेल तेथे ती लावू नये.

रानातून घरी आणण्याविषयी जेवढी सावधगिरी हवी तेवढीच घरातून रानात जाणाऱ्या झाडांविषयी हवी. घाणेरी ही शोभेचे झुडूप म्हणून परदेशातून आली आणि आज डोंगरच्या डोंगर तिने व्यापले आहेत. जलपर्णीही फुलांच्या मोहानेच आणली गेली. नद्यांची दशा सर्वांसमोर आहे. अलीकडे पिवळ्या-नारिंगी कॉसमॉसची तीच गत होऊ लागली आहे. मेक्सिकोतील हे झाड दिसावयास मोहक, वाढावयास सोपे. पुण्याभोवतालच्या टेकड्यांवर भाद्रपद-आश्विनात त्याचे ताटवेच्या ताटवे दिसतात आणि लोक कौतुकाने छायाचित्रे काढतात. पण त्याखाली तेथील मूळचे गवत व लहान रानफुले दडपली जातात. साताऱ्याजवळील कास पठाराचा समावेश सन २०१२ मध्ये जागतिक वारशात झाला तो तेथील गेंद, सीतेची आसवे, रानतेरडा अशा बोटभर उंचीच्या वनस्पतींच्या जोरावर. अशा सड्यांवर व माळांवर सहलीस जाताना हौसेने फुलांच्या बिया उधळण्याचा जो प्रकार काही मंडळी निसर्गसेवा समजून करतात, तो सेवा नव्हे, उपद्रव होय. कॉसमॉस लावणेच झाल्यास बी पिकण्यापूर्वी फुले खुडून टाकावीत. ज्यांस ते जमणार नाही त्यांनी झेंडू लावावा.

झेंडूचा विषय निघाला की परस मागे पडते आणि शेत पुढे येते. दसऱ्यासाठी झेंडू करण्याचा प्रघात आता पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा व विदर्भ या सर्व भागांत पडला आहे. त्यात वावगे काही नाही. अडचण आहे ती सर्वांनी एकाच दिवसावर डोळा ठेवण्याची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात आणि पुण्याच्या मार्केट यार्डात गाड्यांची रीघ लागते, आणि दसऱ्याच्या सायंकाळी न खपलेल्या फुलांचे ढीग तेथेच टाकून शेतकरी रिकाम्या क्रेटसह परततो. तोडणीची मजुरी व गाडीभाडे मात्र त्याच्या अंगावर पडलेले असते.

दुसरी चूक पंचांगाची. पुष्कळ शेतकरी मागील वर्षी ज्या तारखेस लागण केली त्याच तारखेस यंदाही करतात. पण दसरा तारखेने येत नाही, तिथीने येतो. सन २०२३ साली अधिक श्रावण आल्याने दसरा २४ ऑक्टोबरला पडला. २०२४ साली तो १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आला. २०२६ चा दसरा पुन्हा २० ऑक्टोबरचा. तीन आठवड्यांचा हा फेर ज्याने हिशेबात धरला नाही त्याची फुले एका वर्षी पितृपक्षातच उमलून जातात व दुसऱ्या वर्षी दिवाळीची वाट पाहात बसतात. पितृपक्षात हारतुऱ्यांस मागणी नसते हे कोणासही ठाऊक आहे. रोप चार आठवड्यांचे झाले की लागण, आणि लागणीपासून सुमारे दोन महिन्यांनी भर फुले, असा ठोकळ हिशेब धरून दसऱ्यापासून मागे मोजत यावे. वाणावाणांत फरक असतो, म्हणून बियाण्याच्या पिशवीवरील दिवस वाचून घ्यावेत. सारी लागण एकाच दिवशी न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन हप्त्यांत करावी. म्हणजे गणपती, घटस्थापना, दसरा आणि दिवाळी यांपैकी एखादा भाव बुडाला तरी दुसरा हाती राहतो.

इतके करूनही पाऊस आपल्या हाती नाही. सन २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात व सोलापुराकडे अतिवृष्टी होऊन उभी पिके पाण्याखाली गेली, तेव्हा फुलांचे वाफेही सुटले नाहीत. एकाच फुलाच्या एक एकरापेक्षा पाच गुंठ्यांतील तीन-चार प्रकारची फुले लहान शेतकऱ्यास अधिक हितावह का, याचे उत्तर अशा वर्षी मिळते. झेंडूबरोबर थोडा ॲस्टर घ्यावा. गणेशखिंड येथील 'फुले गणेश' मालिकेतील वाण याच राज्यात तयार झालेले आहेत. थोडा निशिगंध असावा. त्याचे कंद चैत्र-वैशाखात एकदा लावले की दोन-तीन वर्षे उत्पन्न चालते, आणि एकेरी पाकळीची फुले हारासाठी रोज तोडता येतात. युरियाचा हात आखडता ठेवावा, नाहीतर झाड पानांनीच माजते. पावसाळी गोगलगायींचा उपद्रव असेल तर सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे वाफ्यांच्या कडेस पसरून सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात व साबणाच्या अथवा मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात. भिजलेली फुले पोत्यात दाबून भरू नयेत. पसरून पाणी निथळल्यावरच ती बाजारास न्यावीत.

लहान लागणीचा पुरस्कार करण्यास आणखी एक कारण आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. परसातील फुलांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतो. ती स्वतः फुले तोडते, माळा करते, गावच्या देवळाशी अथवा आठवड्याच्या बाजारात विकते आणि त्या पैशातून मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय करते. हेच पीक एकरावर गेले की गाडी, आडत, पट्टी हे सारे व्यवहार पुरुषाकडे जातात; बाईच्या वाट्यास तोडणी तेवढी उरते. पीकवाढीच्या उत्साहात हा फरक कार्यकर्त्यांच्या ध्यानात राहात नाही. ज्या घरी परसाची जागा अपुरी आहे तेथे शेताच्या वस्तीलगतच्या कडेचे दोन गुंठे स्पष्टपणे गृहिणीच्या हवाली करावेत, आणि त्यांचा हिशेब तिच्याकडेच असावा.

आता पहिल्या समजुतीकडे, म्हणजे फुले ही केवळ हौस होय या म्हणण्याकडे. दोडका, कारले, भोपळा, काकडी यांची नर व मादी फुले वेगवेगळी असतात; मधमाशी फिरकली नाही तर फळ धरत नाही, पिवळे पडून गळते. ऐन पावसाळ्यात सातेरी मधमाश्यांस चारा दुर्मीळ होतो. कारळा फुलेपर्यंतचा तो कठीण काळ परसातील फुलांवर निभावतो, आणि ज्या वेलांच्या मांडवाजवळ फुले असतात तेथे माश्या अधिक येतात. हा लाभ हवा असेल तर सकाळी फुले उघडी असताना कीटकनाशक फवारण्याची सवय सोडावी लागेल.

झेंडूचा उपयोग तर याहून पुढे जातो. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस केलेली आहे. झेंडूचे रोप ४५ दिवसांचे व टोमॅटोचे २५ दिवसांचे घ्यावयाचे, म्हणजे दोन्हींस फुले एकदम येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालण्यास झेंडूकडे ओढला जातो. येथे एक गोष्ट विसरली जाते. झेंडूवरील फुले व अळ्या वेळच्या वेळी वेचल्या नाहीत, तर तो सापळा न राहता किडीचे माहेर होतो. तसेच झेंडूच्या मुळांतील द्रव्यामुळे मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींस आळा बसतो हे खरे. पण डाळिंबाच्या अथवा वांग्याच्या शेतात चार रोपे शोभेपुरती लावून तो परिणाम दिसत नाही. झेंडू दाट लावून हंगामभर जमिनीत राहू द्यावा लागतो. अर्धवट केलेल्या उपायाचे अपयश त्या उपायाच्या माथी मारणे योग्य नव्हे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे या महिन्यांतील दिवस सोयाबीन-कपाशीवरील किडींच्या मागे जातात, आणि ते रास्तच आहे. परंतु फुलझाडांसाठी त्यांनी भाद्रपदात वेगळे श्रम घ्यावेत अशी अपेक्षाच नाही. भाद्रपदातील बहराचा निर्णय ज्येष्ठात होतो. पहिला पाऊस पडला की गावातील एखाद्या चांगल्या परसातून कर्दळीचे व सोनटक्क्याचे कंद, जाईची फुटवे धरलेली फांदी, शेवंतीची मुनवे दहा घरी पोहोचविणे, एवढेच काम आहे; त्यास अनुदान लागत नाही. पुष्पप्रदर्शनांच्या बाबतीत मात्र विचार व्हावयास हवा. ती बहुधा जानेवारीत भरतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील प्रदर्शन प्रसिद्धच आहे. त्या वेळी कुंड्यांतील डेलिया-पिटुनियांचे वैभव पाहून खेड्यातील माणूस अशी समजूत घेऊन परततो की, बाग म्हणजे थंडीतील व पाण्याची सोय असलेल्या शहरातील वस्तू. तालुक्याच्या गावी किंवा मोठ्या बाजाराच्या गावी घटस्थापनेच्या सुमारास परसबागांची एक साधी स्पर्धा ठेवली, कुंड्या न मांडता परीक्षकांनीच घरोघर जाऊन परसे पाहिली, आणि बक्षीस म्हणून चांगले कंद व कलमे दिली, तर त्या समजुतीस धक्का बसेल. अशा स्पर्धेत नीटनेटकेपणास थोडे कमी व फुलांच्या विविधतेस थोडे अधिक गुण असावेत.

तूर्त, म्हणजे ऐन बहरात, करण्यासारखे काम एकच आहे आणि ते पंधरा दिवसांपेक्षा अधिक थांबत नाही. तेरड्याची बोंडे पिवळसर होऊन फुगली की बोट लागताच फुटतात व बी उधळते; म्हणून दव ओले असतानाच ती पिशवीत अलगद खुडावीत. गुलबक्षीच्या काळ्या बिया झाडाखाली वेचता येतात. झेंडूचे बी धरावयाचे ते गावरान, निरोगी झाडाच्या पहिल्या मोठ्या फुलांचे. संकरित वाणाचे बी धरू नये, पुढील पिढीत फुले लहान-मोठी निघतात. सारे बी सावलीत वाळवून, राख लावून, कापडी पुरचुंडीत बांधावे. रंगाची खूण म्हणून त्याच रंगाची चिंधी बांधली की मृगात शोधाशोध होत नाही.